तोंडी परीक्षा

डीनच्या खोलीत दोन हीटर, तरी त्याने कोट काढला नव्हता.
"एकच शब्द," तो म्हणाला, "सातव्या रकान्यात.
मुलगी वर्गात नाही, हे तर खरंच ना?
मग गैरहजर लिहायला हात का अडतो?"

याद्विगाबाईंनी चष्मा पुसला.
प्रिप्यात नदीकाठच्या दलदलीत
गुडघाभर पाण्यात तीस उन्हाळे काढलेली बाई;
घाईने पाऊल टाकत नाही.
"ती कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे," म्हणाल्या.
"रकाना अरुंद, नाहीतर पत्ताच लिहिला असता."

मी शेजारच्या टेबलावर, टाचण्या लावत.
माझं नाव राहू द्या.
ग्रोद्नोच्या त्या इमारतीतल्या प्रत्येक कागदावर ते आहे,
खाली, बारीक अक्षरात.

तीस दिवस गैरहजर, की पटावरून नाव कमी.
नाव कमी, की वसतिगृहातली खाट कमी.
आणि कोर्टात मग ती विद्यार्थिनी नाही,
नुसती एक बेकार पोरगी,
चौकात सापडलेली.

डिसेंबरात परीक्षा आली.
आमच्याकडे प्रश्न चिठ्ठीवर असतो:
टेबलावर पालथ्या चिठ्ठ्या, मुलांनी एक उचलायची.
झ्लाता कुंत्सेविच तुरुंगातून कशी उचलणार?
बाई माझ्याकडे वळल्या. "तिच्या वतीने तुम्ही उचला.
तुम्हाला यातलं काही कळत नाही, म्हणजे लबाडी नाही."
मी दाराकडे पाहिलं. उचलली.
अकरा नंबर: पीट कसं तयार होतं?

उत्तर चोवीस दिवसांनी आलं.
चौकटीच्या वहीची दोन पानं, गोल शिक्का,
आणि अधूनमधून कुणीतरी मन लावून फासलेली काळी शाई.

*शेवाळ वरून वाढतं, खालून मरतं.*
*पाणी आंबट होतं. आत* ▇▇▇ *शिरत नाही,*
*म्हणून पडलेलं काही कुजत नाही:*
*पान, परागकण, हरणाचं शिंग.*
*हजार वर्षांत एखादा मीटर थर.*
*दलदल कोरडी पाडली तर मात्र*
▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇

"हवा खोडलीय," बाई म्हणाल्या. "हवेत काय दिसलं त्याला?"
आणि हसल्या; वर्षभरात प्रथमच.
मग माझी फूटपट्टी मागितली,
शेवटची काळी ओळ मोजली. अकरा सेंटिमीटर.
तिच्याच अक्षराच्या मापाने खाली लिहून पाहिलं:
*ती आतून पेटते, धूर वर दिसण्याच्या कितीतरी आधी.*
बरोब्बर बसलं.

दहापैकी नऊ.
एक गुण कापला, शेवाळाचं लॅटिन नाव चुकलं होतं म्हणून.
मी म्हटलं, "बाई, तुरुंगात आहे ती. पुस्तक नाही जवळ."
"म्हणूनच," त्या म्हणाल्या.
"दयेचे दहा दिले, तर ती परीक्षाच झाली नाही असं ते म्हणतील.
आणि खरं म्हणतील."

सातव्या रकान्यात निळ्या शाईने लिहिलं: *हजर. नऊ.*
शिक्का माझ्याकडे असतो.
मारला. जरा तिरपा पडला.

जानेवारीत त्यांच्या दारावरची पाटी गेली,
स्क्रूची दोन भोकं राहिली.
कर्मचाऱ्यांचं हजेरीपत्रक डीनने स्वतः आणून ठेवलं,
वर पेन ठेवलं,
आणि खिडकीतून न्योमन नदीवरचा बर्फ बघत उभा राहिला.
काही बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती.

याद्विगा स्तांकेविच या नावापुढे
*गैरहजर* मी लिहिलं.
अक्षर चांगलं आलं. हात कुठे अडला नाही.

ती फूटपट्टी माझ्या खणात आहे.
खण उघडला की ओल्या शेवाळाचा वास येतो,
असं लिहावंसं वाटतं.
येत नाही. शाईचा येतो.
त्या लॅटिन नावाचं स्पेलिंग मात्र मी शोधून काढलं,
रोज एकदा कागदाच्या कडेला लिहितो,
साहेब आले की चुरगळतो.
अजून एक अक्षर चुकतंच.